कृती, कर्ता आणि नाव

एकदा लोकांच्या स्वाधीन केलेल्या कृतीवर तिच्या कर्त्याचा अधिकार कोठवर चालावा, हा प्रश्न फार जुना आहे. छापखाना येण्यापूर्वी आपल्याकडे पोथ्या हाताने उतरवून घेत. उतरवून घेणारा कधी अनवधानाने एखादे अक्षर गाळी, कधी अर्थ सुलभ व्हावा म्हणून एखादा शब्द बदली, तर कधी भक्तीच्या भरात स्वतःचीच ओवी मध्ये घालून देई. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी मिसळू नये अशी ताकीद दिली, ती या अनुभवामुळेच. परंतु ज्या हातांनी पाठ बिघडविले, त्याच हातांनी तो ग्रंथ सुमारे तीनशे वर्षे जिवंत राखला होता, हेही तितकेच खरे. कर्ता, उतरवून घेणारा आणि वाचक यांच्यातील हा पेच अलीकडच्या काळात एका अगदी निराळ्या क्षेत्रात पुन्हा उभा राहिला. ते क्षेत्र म्हणजे संगणकाचे मुक्त सॉफ्टवेअर. तेथे प्रोग्राम लिहिणारे कर्ते आणि ते प्रोग्राम लोकांपर्यंत पोचविणारे स्वयंसेवक यांच्यात परवान्यांवरून जे वाद झाले, त्यांचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. वाद तांत्रिक दिसतात. पण त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. संगणकाचा प्रोग्राम दोन रूपांत असतो. माणसाने लिहिलेली व माणसास वाचता येणारी मूळ संहिता हे एक रूप. तिलाच सोर्स कोड म्हणतात. त्या संहितेपासून यंत्रास चालविता येईल असे जे रूप सिद्ध करतात, ते दुसरे. व्यापारी कंपन्या बहुधा पहिले रूप कुलुपात ठेवतात आणि दुसरे विकतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अमेरिकेत ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, ती या रीतीविरुद्ध. १९८९ मध्ये त्यांनी जीपीएल नावाचा परवाना सिद्ध केला. प्रोग्राम कोणीही वापरावा, बदलावा, इतरांस द्यावा; मात्र बदललेली प्रत दुसऱ्यास देताना तिची मूळ संहिताही द्यावी आणि त्याच अटींवर द्यावी, हे त्या परवान्याचे सार होय. स्वतः घेतलेले स्वातंत्र्य पुढच्यास नाकारता येऊ नये, एवढाच त्यातला कटाक्ष.

१९९१ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला आणि या चळवळीस पायाखाली जमीन मिळाली. तथापि सामान्य माणसास त्याचा उपयोग सहजासहजी होण्यासारखा नव्हता. एक प्रोग्राम फिनलंडात लिहिलेला, दुसरा जर्मनीत, तिसरा कॅलिफोर्नियात. प्रत्येकाची मांडणी वेगळी, प्रत्येकाचा परवाना वेगळा. हे सारे गोळा करून, एकमेकांशी जुळवून, एकाच संचात देणारी वितरणे त्यामुळे निघाली. इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी ज्याची घोषणा केली, ते डेबियन हे त्यांपैकी एक. त्याची मैत्रीण डेब्रा आणि तो स्वतः इयन, या दोन नावांच्या संधीतून हे नाव झाले. डेबियन कोणा कंपनीच्या मालकीचे नाही. त्यातील प्रत्येक प्रोग्रामाचे एक पॅकेज असते आणि त्या पॅकेजाचा सांभाळ करणारा एक मेंटेनर असतो. मूळ कर्त्याकडून संहिता आणावयाची, तिचा परवाना अक्षरशः वाचावयाचा, ती इतर हजारो प्रोग्रामांशी जुळवावयाची, उणिवा आढळल्यास त्या बुजवावयाच्या, आणि लोकांच्या तक्रारींस उत्तरे द्यावयाची, हे त्याचे काम. डेबियन त्यास वेतन देत नाही. मूळ संहितेस तो जी दुरुस्ती जोडतो तिला पॅच, म्हणजे ठिगळ, म्हणतात; आणि पुढच्या बहुतेक भांडणांचे मूळ या ठिगळातच आहे.

कोणता परवाना मुक्त म्हणावा आणि कोणता नाही, हे ठरविण्यासाठी डेबियनने जुलै १९९७ मध्ये आपला सामाजिक करार व त्यासोबतची मार्गदर्शक तत्त्वे मंजूर केली. त्यांचा मसुदा ब्रूस पेरेन्स यांच्या पुढाकाराने झाला. पुढच्याच वर्षी ओपन सोर्सची जी व्याख्या जगापुढे आली, तिचा पाया हीच तत्त्वे होती. या तत्त्वांपैकी दोन वाचकांनी ध्यानात ठेवावीत. आठवे तत्त्व असे, की परवाना केवळ डेबियनपुरता असू नये. जो अधिकार डेबियनला, तोच डेबियनकडून घेणाऱ्यासही असावा. चौथे तत्त्व कर्त्याच्या भावनेस मान देणारे आहे. बदललेल्या प्रतीस वेगळे नाव अथवा वेगळा आवृत्तिक्रमांक द्यावा, अशी अट कर्त्यास घालता येईल, असे ते म्हणते. आणि ही तडजोड आहे, असे तेथेच स्पष्ट नमूदही करते. आमच्या मते या साऱ्या इतिहासाची किल्ली त्या एका तडजोडीत आहे.

पहिला मोठा वाद १९९८ सालचा. मात्थियास एट्रिख यांनी १९९६ मध्ये आरंभिलेला केडीई हा प्रकल्प लिनक्सला देखणा, वापरण्यास सोपा पडदा देत होता. केडीईचा परवाना जीपीएल. पण तो ज्या क्यूटी नामक सामग्रीवर उभा होता, ती नॉर्वेमधील ट्रोलटेक कंपनीची आणि तेव्हा मुक्त नव्हती. संपूर्ण कृती जीपीएलच्याच अटींवर द्यावी, असे जीपीएल सांगतो. मग अमुक्त सामग्रीशी जोडलेले केडीई वाटावयाचे कसे? ऑक्टोबर १९९८ मध्ये डेबियनने केडीई आपल्या भांडारातून काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. केडीईच्या बाजूचे म्हणणे असे, की क्यूटीवर प्रोग्राम आम्हीच लिहिला, तेव्हा त्याच्या वाटपास आमची संमती आहे हे उघडच नव्हे काय? डेबियनचे उत्तर असे, की संमती मनात असून भागत नाही, ती कागदावर हवी. शिवाय केडीईमध्ये इतरांनी जीपीएलखाली लिहिलेला भागही आहे, त्यांची संमती तुम्ही कशी देणार? हा काथ्याकूट कित्येकांस अडाणी वाटला. परंतु ज्यास तीच वस्तू हजारो अनोळखी माणसांच्या हाती द्यावयाची आहे, त्यास दात्याच्या मनातील भाव पुरत नाही, हे मान्य केले पाहिजे. हट्टाचे फळ गोड झाले. क्यूटीचा परवाना प्रथम १९९९ मध्ये सैल झाला आणि सप्टेंबर २००० मध्ये ती जीपीएलखाली आली. त्यानंतर केडीईस डेबियनचे दार मोकळे झाले.

याहून नाजूक प्रश्न अशा कर्त्यांचा, ज्यांना आपली कृती लोकांनी वापरावी असे वाटे, पण तिला कोणाचा हात लागू नये असेही वाटे. वॉशिंग्टन विद्यापीठाचा पाइन हा पत्रव्यवहाराचा प्रोग्राम अतिशय लोकप्रिय होता. त्याच्या परवान्यात वापरणे, प्रत काढणे, बदलणे आणि वाटणे या सर्वांस अनुमती होती. वाचणाऱ्यास वाटे, की बदललेली प्रत वाटण्यासही ती आहे. विद्यापीठाने अर्थ लावला तो निराळा: बदलावे आणि वाटावे, पण बदललेले वाटू नये. एका ‘आणि’ची ही मीमांसा एखाद्या शास्त्र्यासही शोभली असती. त्यामुळे डेबियनला मूळ संहिता व ठिगळे वेगवेगळी देऊन थांबावे लागले. शिवण ज्याची त्याने घरी घालावी. पुढे त्याच विद्यापीठाने अल्पाइन नावाचा उत्तराधिकारी प्रोग्राम अपाची परवान्याखाली दिला, तेव्हा हा प्रश्न मिटला.

गणितज्ञ डॅनियल बर्नस्टीन यांच्या क्यूमेल या टपाल वाहणाऱ्या प्रोग्रामाची कथा अधिक बोधप्रद आहे. सुरक्षिततेविषयी त्यांचा आत्मविश्वास एवढा, की १९९७ मध्ये त्यांनी क्यूमेलात सुरक्षेची फट दाखविणाऱ्यास ५०० डॉलरचे बक्षीस लावले होते. आपला प्रोग्राम कोणत्याही यंत्रावर गेला तरी तसाच असावा, त्याच्या फायली त्याच जागी असाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. त्यामागे तर्क होता. प्रत्येक वितरणाने आपापल्या सोयीने फेरफार केले, तर एका यंत्रावर शिकलेले ज्ञान दुसऱ्यावर चालत नाही आणि दोष कोणाचा हे कळेनासे होते. डेबियनमध्ये क्यूमेल त्यामुळे तयार स्वरूपात मिळत नसे. संहिता आणून वापरणाऱ्याने ती स्वतः सिद्ध करावी लागे. क्यूमेलची १.०३ ही आवृत्ती १९९८ मधील. त्यानंतर कर्त्याने नवी आवृत्ती काढली नाही. जग मात्र थांबले नाही. टपालाच्या रीती बदलल्या, गरजा वाढल्या आणि लोक मूळ संहितेभोवती ठिगळांचे गाठोडे बाळगून काम भागवू लागले. पाठ शुद्ध राहिला खरा, पण पोथी बासनातच राहू लागली. अखेर नोव्हेंबर २००७ मध्ये बर्नस्टीन यांनी क्यूमेल सर्व हक्क सोडून लोकार्पण केले. हा निर्णय त्यांस भूषणावह आहे. तो दहा वर्षे आधी झाला असता तर, असे मात्र वाटल्यावाचून राहत नाही.

एखादी लहानशी अटही सारा डाव कसा उलटविते, याचे उदाहरण २००४ मध्ये घडले. लिनक्सवर चित्रे व खिडक्या दाखविणारा एक्सफ्रीएटीसिक्स हा प्रोग्राम जवळजवळ सर्व वितरणांत होता. त्याच्या ४.४ या आवृत्तीच्या परवान्यात श्रेय देण्याविषयीचे एक नवे कलम आले. श्रेय मागणे गैर नव्हे. पण ते कलम जीपीएलशी जुळत नाही, असे अनेकांचे मत पडले आणि डेबियनसह बहुतेक मोठ्या वितरणांनी नवी आवृत्ती नाकारली. एप्रिल २००४ मध्ये जुन्या परवान्याच्या संहितेवर आधारलेली एक्स डॉट ऑर्गची आवृत्ती निघाली आणि अल्पावधीत सगळे तिकडे गेले. श्रेयासाठी घातलेल्या अटीपायी कृतीच हातची गेली.

या सर्व वादांत सर्वांत कडवट झाला तो सीडीरेकॉर्ड या प्रोग्रामाचा. तबकड्यांवर माहिती कोरण्याचे हे साधन बर्लिनचे यर्ग शिलिंग यांनी वर्षानुवर्षे खपून घडविले होते. बाजारात येणाऱ्या नाना तऱ्हेच्या यंत्रांची नस त्यांच्याइतकी क्वचितच कोणास ठाऊक असेल. वितरणे आपल्या प्रोग्रामात चुकीची ठिगळे लावतात, तो बिघडतो आणि लोकांची गाऱ्हाणी मात्र आपल्या दारी येतात, असे त्यांचे दुःख होते. ज्याने स्वतः काही घडविले आहे, त्यास हे दुःख समजेल. २००६ मध्ये त्यांनी आपल्या संचातील बहुतेक भाग सीडीडीएल या, सन कंपनीने तयार केलेल्या परवान्याखाली नेले. संचातील एमकेआयसोएफएस हा भाग मात्र जीपीएलखालीच राहिला. त्यात इतरांचेही लेखन होते. जीपीएलचा प्रोग्राम सिद्ध करण्यास लागणारी सर्व सामग्री जीपीएलच्या अटींवर देता आली पाहिजे, सीडीडीएलखाली ती देता येत नाही, म्हणून हा संच आम्हांस वाटता येत नाही, असे डेबियनचे म्हणणे. ही वेगवेगळी कार्ये असून त्यांच्यात काहीही विरोध नाही, असे शिलिंग यांचे ठाम प्रतिपादन. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या स्वयंसेवकांनी जुन्या, जीपीएलखालील संहितेपासून सीडीआरकिट नावाचा वेगळा संच फोडून काढला आणि सीडीरेकॉर्डच्या जागी आलेल्या प्रोग्रामास वोडिम हे नाव दिले.

येथवर चौथ्या तत्त्वातील तडजोड पाळली गेली, असे म्हणता येईल. पण लोकांच्या बोटांना जुन्या नावाची सवय होती, म्हणून सीडीरेकॉर्ड असे टंकले तरी वोडिमच चालावे, अशी सोय ठेवण्यात आली. आत नवा माणूस आणि दारावर पाटी मात्र जुनी! शिलिंग यांचा या पाटीवरील राग आम्हांस अनाठायी वाटत नाही. पुढे काय झाले? सीडीआरकिटची शेवटची आवृत्ती २०१० सालची. शिलिंग मात्र त्यानंतरही आपला संच सुधारीत राहिले. १० ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर तबकड्यांचा जमानाच सरत आला होता. आपलेच खरे, असे उभय पक्ष शेवटपर्यंत म्हणत राहिले, आणि ज्या वस्तूसाठी भांडण झाले ती वस्तू हळूहळू घराघरांतून नाहीशी झाली.

कर्त्यांची भीती निराधार होती काय? इतिहास नाही म्हणू देत नाही. सीडीआरकिट ज्या महिन्यात निघाला त्याच सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या पॅकेजात एक लहानसे ठिगळ लागले. गुप्त किल्ल्या तयार करणारी ही सामग्री. तिच्यातील दोन ओळींविषयी दोष शोधणारे साधन कुरकूर करीत होते, म्हणून त्या ओळी निष्प्रभ करण्यात आल्या. हेतू शुद्ध होता. मूळ कर्त्यांच्या मंडळात आधी विचारणाही झाली होती. परंतु किल्ली अनिश्चित ठेवणारा घटकच त्या ओळींबरोबर गेला. कोणासही ओळखता येऊ नये अशी जी किल्ली असावयाची, तिचे एकेका जातीत केवळ ३२,७६८ प्रकार उरले, आणि तेवढे तपासून पाहणे संगणकास मुळीच अवघड नाही. ही गोष्ट मे २००८ मध्ये उजेडात आली. म्हणजे सुमारे वीस महिने असंख्य यंत्रांची दारे नुसती लोटलेली होती. शोध लावणाराही डेबियनचाच एक स्वयंसेवक होता आणि संहिता उघडी होती म्हणूनच त्यास तो लावता आला, हे खरे. तरी बदलण्याचा अधिकार म्हणजे बदलण्याची पात्रता नव्हे, हा धडा त्या प्रसंगाने कायमचा दिला.

आता फायरफॉक्सचा वाद पाहू. कारण तेथे चौथे तत्त्व खरोखर कसोटीस लागले. या ब्राउझरचे स्वतःचे नावही तिसरे. आधीची फिनिक्स आणि फायरबर्ड ही दोन नावे इतरांच्या हरकतींमुळे सोडावी लागली होती आणि फेब्रुवारी २००४ मध्ये फायरफॉक्स हे नाव स्थिर झाले. मोझिलाची संहिता मुक्त होती. पण फायरफॉक्स हे नाव व्यापारचिन्ह होते आणि बोधचिन्हाच्या चित्राचा परवाना तेव्हा मुक्त नव्हता. डेबियनने म्हणून ते चित्र वगळले आणि नाव ठेवले. २००६ च्या आरंभी मोझिलाने हरकत घेतली: नाव हवे तर चित्रही घ्या, आणि जे जे ठिगळ लावाल ते आधी आमच्याकडून संमत करून घ्या. मोझिलाचे कारण समजण्याजोगे होते. त्या नावाखाली कोणी भेसळ विकू लागला, तर फसेल तो सामान्य वाचक आणि डागाळेल ते मोझिलाचे नाव. डेबियनची अडचणही खरी होती. स्थिर आवृत्तीत जुना ब्राउझर राखून त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या तातडीने बसवाव्या लागत. प्रत्येक वेळी परदारी संमती मागत बसणे शक्य नव्हते. आणि मोझिलाने केवळ डेबियनला खास सवलत दिली असती, तरी आठवे तत्त्व ती घेऊ देत नव्हते.

मग डेबियनने साधा, सरळ मार्ग धरला. संहिता ठेवली आणि नाव परत केले. फायरफॉक्सचे आइसवीझल झाले, थंडरबर्डचे आइसडव्ह, सीमंकीचे आइसेप. आगीच्या जागी बर्फ आणि कोल्ह्याच्या जागी मुंगसासारखा दुसरा प्राणी, अशी ही थट्टा होती. पण तिच्या आत प्रामाणिकपणा होता. एप्रिल २००७ मध्ये निघालेल्या डेबियन ४.० मध्ये ही नावे लोकांस दिसली. ज्याने बदलले त्याने आपल्या नावावर बदलले. काही बिघडले तर जाब कोणास विचारावयाचा हे वापरणाऱ्यास कळले. दोन्ही घरांतील राबता तुटला नाही, दुरुस्त्यांची देवघेव चालू राहिली. दरम्यान चित्राचा परवाना मुक्त झाला, डेबियनच्या ठिगळांनी गुणवत्तेस बाध येत नाही असे मोझिलास पटले आणि २०१६ मध्ये फायरफॉक्स हे नाव डेबियनमध्ये सन्मानाने परत आले. पुढच्या वर्षी थंडरबर्डही परतला. दहा वर्षांचा वनवास झाला. पण त्यात कोणाची अप्रतिष्ठा झाली नाही.

त्याच २०१६ सालचा एक छोटा प्रसंग सांगितला नाही तर चित्र अपुरे राहील. एक्सस्क्रीनसेव्हर या प्रोग्रामाचे कर्ते जेमी झविन्स्की यांच्याकडे जुन्या आवृत्तीतील दोषांच्या तक्रारी येत. ते दोष त्यांनी केव्हाच काढलेले असत, पण डेबियनच्या स्थिर आवृत्तीत जुनाच प्रोग्राम असे. त्यांनी प्रोग्रामातच, ही आवृत्ती फार जुनी झाली आहे, असा इशारा घालून ठेवला. डेबियनमध्ये तो दिसू लागताच तो काढावा काय, अशी चर्चा सुरू झाली. झविन्स्की यांचे म्हणणे असे, की परवाना तुम्हांस काहीही करू देतो हे मी जाणतो. माझी विनंती एवढीच, की अद्ययावत प्रत द्या, नाहीतर माझा प्रोग्राम देऊच नका. येथे कायदा संपतो आणि सौजन्य सुरू होते. परवाना आपणांस काय करता येईल ते सांगतो. काय करणे शोभेल ते सांगत नाही.

या सर्व वादांकडे एकत्र पाहिले, तर एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या कर्त्याने संहिता आणि नाव दोन्ही मुठीत धरली, त्याची कृती शुद्ध राहिली पण थिजली. ज्याने दोन्ही सोडली, त्यास आपल्या नावावर परक्याच्या चुका सोसाव्या लागल्या. जेथे संहिता सर्वांची आणि नाव कर्त्याचे, अशी वाटणी झाली, तेथे भांडण मिटले नाही तरी सुसह्य झाले. नाव ही केवळ अभिमानाची वस्तू नव्हे. ती उत्तरदायित्वाची खूण आहे. कर्त्याने बदलास भिऊ नये आणि बदलणाऱ्याने आपले नाव लावण्यास लाजू नये.

हा प्रश्न दूरदेशच्या तंत्रज्ञांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. फेब्रुवारी २००९ मध्ये निघालेल्या डेबियन ५.० पासून ती प्रणाली संगणकावर बसविताना मराठी भाषा निवडता येते. आपल्या भाषेस एवढा मोठा बाजार आहे काय, हा हिशेब त्यासाठी कोणी केला नाही. कोणा मालकाची संमतीही मागावी लागली नाही. संहिता बदलण्याचा अधिकार सर्वांस होता, म्हणून मराठीच्या अभिमान्यांना तो बजाविता आला. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहून भाषा सांभाळणाऱ्या आमच्या वाचकांस या अधिकाराचे मोल निराळे सांगावयास नको. उतरवून घेणाऱ्याच्या हातून चूक होते म्हणून उतरवून घेणेच बंद केले, तर पोथी टिकत नाही. मात्र उतरवून घेणाऱ्याने, कोठे काय बदलले आणि कोणी बदलले, हे शेवटच्या पानावर लिहून ठेवावे.